सकाळी न उठणारा ट्रक

मित्रांनो, सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी आळशी नाही. दोन वर्षं माझ्याबद्दल जो तो तोंडाला येईल ते बोलत होता आणि मी सगळं मुकाट्याने ऐकून घेत होतो, कारण मला हॉर्नशिवाय दुसरं काही बोलता येत नाही. आणि हॉर्नसुद्धा माझा मी वाजवू शकत नाही. आज तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर मन मोकळं करून घेतो.

मी बर्फाच्या कारखान्याचा जुना ट्रक आहे. किती जुना ते विचारू नका. माझ्याबरोबर जन्मलेले माझे भाऊबंद केव्हाच भंगारात गेले, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे आम्ही रांगेत उभे असायचो आणि पुढे सरकत सरकत कुणाला चाकं मिळायची, कुणाला काचा, कुणाला दिवे. मला हॉर्न बसवला तेव्हा तपासणाऱ्या बाईने तो तीनदा वाजवून पाहिला आणि मान डोलावली. आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. तेव्हापासून मला कौतुकाची जरा चटकच लागली, हे मी कबूल करतो.

तिथून मी थेट बर्फाच्या कारखान्यात आलो. काम सोपं होतं, पण वेळेचं होतं. पहाटे माझ्यावर बर्फाच्या लाद्या चढायच्या. त्यांच्यावर भुसा आणि भुशावर गोणपाट. मग उजाडता उजाडता मी बंदरावर जायचो आणि मासेमारीच्या बोटींना बर्फ द्यायचो. बर्फ वाट बघत नाही, मित्रांनो. लोखंड वाट बघतं, सिमेंट वाट बघतं, पण बर्फाला जरा ताटकळत ठेवलं की त्याचं पाणी होतं आणि मालकाच्या तोंडचंही पाणी पळतं. वीस वर्षं मी एकदाही उशीर केला नाही. बोटवाले एकमेकांना म्हणायचे, 'ट्रक आला, घड्याळं लावून घ्या रे.' हे ऐकलं की माझ्या रेडिएटरमध्ये गुदगुल्या व्हायच्या.

या सगळ्या वर्षांत माझा चालक एकच. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो, म्हणून मीही मामाच म्हणतो. मामा अंगाने आडवे, स्वभावाने हळवे. मला ते 'राजा' म्हणतात. वळणावर माझी चाकं जरा कचकचली तरी ते 'लागलं का रे राजा?' असं विचारतात. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या माणसाला आधी वाटतं, आपल्यालाच विचारलं.

मामांच्या प्रेमाला मात्र एक खोड होती. त्यांना रंगाचं वेड होतं. दरवर्षी मला पासिंगला न्यायच्या आधी मामा तीन दिवस हक्काची रजा काढायचे, निळ्या ऑइलपेंटचे डबे आणायचे आणि मला रंगवायला बसायचे. बाहेरून तर रंगवायचेच, पण मग माझ्या पोटाखाली पाठीवर झोपून सांगाडा रंगवायचे, टाकी रंगवायचे, एकेक नटबोल्ट रंगवायचे. मामी एकदा जेवणाचा डबा घेऊन आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या ओट्यामागची भिंत कधीची सोलून निघालीये. तिला एक हात मिळेना, आणि इथे ट्रकच्या पोटाला दुसरा हात चाललाय. मी ट्रक असते तर बरं झालं असतं." मामा खालून म्हणाले, "हो ना." मामींनी डबा तसाच परत नेला. त्या दिवशी मामा उपाशी राहिले आणि मला फार वाईट वाटलं.

आता माझं दुखणं नेमकं कसं सुरू झालं ते सांगतो. नीट ऐका, कारण तेव्हा हे कुणीच नीट पाहिलं नाही.

माझ्या इंजिनापासून सांगाड्यापर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली एक जाड पट्टी आहे. तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. सकाळी किल्ली फिरवली की बॅटरीतून भसकन वीज निघते, स्टार्टर फिरवते, स्टार्टर इंजिनाला फिरवतो आणि मी जागा होतो. पण वीज नुसती जाऊन भागत नाही, तिला बॅटरीकडे परतही यावं लागतं. ती पट्टी म्हणजे तिची परतीची वाट. तीन वर्षांपूर्वीच्या रंगाच्या वेळी मामांना ती पट्टी कळकट दिसली. त्यांनी ती मोठ्या मायेने सोडली, पुसली, दोन्ही टोकांना झकास निळा रंग दिला, ती जिथे बसते त्या जागांनाही दिला, वाळू दिला आणि बोल्ट घट्ट आवळले. रंगातून वीज जात नाही, मित्रांनो. मामांनी माझ्या विजेच्या घराला बाहेरून कुलूप घातलं होतं, आणि कुलूपसुद्धा चकचकीत निळं.

सुरुवातीला बोल्टच्या आट्यांतून थोडीफार वीज निसटायची, म्हणून निभावलं. पुढच्या वर्षी वर आणखी एक हात बसला. मग माझी सकाळ अवघड झाली. मामा किल्ली फिरवायचे आणि मी झोपेतून उठवलेल्या माणसासारखा नुसता 'हूं… हूं… हूं…' करायचो. मला उठायचं असायचं. अंगात ताकदच यायची नाही.

मग काय, डॉक्टरांची रीघ लागली. मिस्त्री आले. त्यांनी दोन वेळा 'हूं हूं' ऐकलं आणि बॅटरी गेली असं सांगितलं. नवी बॅटरी आली, 'हूं हूं' तेच. मग ते म्हणाले स्टार्टर गेला. स्टार्टर उघडला, धुतला, बसवला. मग फिल्टर, मग डिझेलचे नळ. मिस्त्री वाईट माणूस नव्हते, पण त्यांना बदलायला आवडायचं, बघायला आवडायचं नाही. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, थंडी बाधली आहे, आणि त्याने डिझेलमध्ये बुडवलेला बोळा पेटवून माझ्या नाकाशी धरला. माझा रंग जळाला आणि मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. समोरचा सलूनवाला म्हणाला, डोक्यावर गरम पाणी ओता. तो हे सगळ्यांनाच सांगतो. कारखान्याचा कारकून तर म्हणाला, याच्याकडे दुर्लक्ष करा, लाड केले की असंच होतं. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होतो. नेमकं कुठे दुखतंय ते मला ठाऊक होतं, पण ते सांगायला तोंड कुठे होतं?

शेवटी उपाय एकच उरला, धक्का. रोज पहाटे सहा हमाल मला मागून ढकलायचे, मी खोकत सुरू व्हायचो, आणि मग लाद्या चढेपर्यंत मामा इंजिन चालूच ठेवायचे. हमाल मला काय काय म्हणायचे ते लहान मुलांसमोर सांगता येणार नाही. कधी एका धक्क्यात काम व्हायचं, कधी फाटकापर्यंत नेऊन परत आणावं लागायचं. तीनदा मला बंदरावर पोचायला उशीर झाला. बोटवाल्यांनी घड्याळं लावणं सोडून दिलं.

या काळात एक गोष्ट मात्र मामांना फार आवडायची. किल्ली धरून ठेवली की त्यांच्या पायाखालचं पेडल कोमट व्हायचं. मामा चप्पल काढून पेडलवर पाय ठेवायचे आणि लोकांना सांगायचे, "बघा, एवढा आजारी आहे, तरी माझे पाय शेकतो." ऐकणारे हसायचे. मीही लाजायचो, खोटं कशाला बोलू.

मग एका गुरुवारी मालकांनी मामांना बोलावलं. मालक फारसे रागावत नाहीत. ते शांतपणे बोलतात आणि तेच जास्त लागतं. ते म्हणाले, "मामा, शनिवारी मोठा माल आहे, सगळ्या बोटी भरतीला निघणार. त्या दिवशी धक्का नाही, आधीपासून इंजिन चालू ठेवणं नाही. माल भरायचा आणि किल्ली मारायची. साडेसहापर्यंत ट्रक सुरू झाला तर राहील. नाही तर मी भाड्याची व्हॅन उभी करून ठेवतोय, माल तिच्यात चढवू आणि सोमवारी भंगारवाल्याला बोलावू. व्हॅनबरोबर तिचा चालक येतो. तुम्हाला मी काढत नाही, तुम्ही फाटकावर बसा."

फाटकावर. जो माणूस वीस वर्षं बंदरावर दिवस उजाडताना बघत आला, तो आता फाटकावर बसून दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिहिणार. मामांनी घरी कुणाला काही सांगितलं नाही. ते आले आणि माझ्या बॉनेटवर डोकं टेकून बराच वेळ उभे राहिले. मला भंगाराची भीती वाटलीच, पण मामांच्या डोक्याचं ते वजन मला जास्त जड झालं.

शनिवार उजाडला. नेमक्या त्याच दिवशी मामांच्या सासूबाई गावी परत जायला निघाल्या होत्या. बंदराच्या वाटेवर बसस्टँड, म्हणून त्या पहाटेच मामांबरोबर आल्या आणि मांडीवर पिशवी घेऊन माझ्या केबिनमध्ये बसल्या. आता या सासूबाईंबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी मिळून चाळीस वर्षं पंख्याच्या आणि पंपाच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं दुकान चालवलं. यजमान गेल्यावर त्या एकट्या दुकान सांभाळतात. पण मामांनी त्यांना माझ्या बॉनेटला कधी हात लावू दिला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत सासूबाईंनी मामांचा रेडिओ न विचारता दुरुस्त केला होता, आणि मामा चार दिवस आधीपासून तो स्वतः दुरुस्त करत होते. तो सल मामांच्या मनात अजून होता. सासूबाईही समंजस. जावयाच्या गाडीत बसायचं आणि गप्प राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

माल चढला. नेहमीपेक्षा दीडपट. माझ्या स्प्रिंगचे पाटे वाकले, भुशातून पाणी ठिबकायला लागलं. फाटकाशी पांढरी व्हॅन गुरगुरत उभी होती आणि तिचा चालक नखं कुरतडत बसला होता. मालक घड्याळ बघत उभे. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मामांनी किल्ली फिरवली. "हूं… हूं… हूं…"

"ऊठ राजा," मामा हळूच म्हणाले. "आजच्या दिवस ऊठ."

मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. दुसऱ्यांदा केला. चौथ्यांदा केला. मालकांनी व्हॅनच्या चालकाला हात करून जवळ बोलावलं. हमालांनी गोणपाट काढायला हात घातला. मामांच्या कपाळावर घाम होता, आणि तरी ते सासूबाईंना म्हणाले, "रागावू नका हो त्याच्यावर. मरायला टेकलाय, तरी बघा, माझे पाय शेकतोय."

सासूबाईंनी मान वळवली. "काय करतोय?"

"पाय शेकतोय. प्रेम आहे त्याचं."

"जावईबापू, प्रेमाने लोखंड तापत नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, खाली वाकल्या आणि पेडलला हात लावला. मग समोर काचेतून पाहिलं. माझे दिवे समोरच्या भिंतीवर लख्ख पडले होते. "किल्ली मारा बरं पुन्हा. दिव्यांकडे बघा. मंद होतात का?"

मामांनी किल्ली मारली. दिवे होते तसेच लख्ख.

"म्हणजे बॅटरीत दम आहे," सासूबाई म्हणाल्या. "वीज जातेय, पण तिला परत यायला वाट नाही. म्हणून ती बिचारी तुमच्या पेडलच्या केबलमधून वाट काढतेय. मी उतरू का? तुम्ही नको म्हणालात तर बसून राहते."

मामांपुढे एकीकडे रेडिओ होता आणि दुसरीकडे फाटक. त्यांनी माझ्या स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उतरा, आई."

त्या उतरल्या त्या सरळ व्हॅनच्या चालकाकडे गेल्या. "अहो, बॅटरीला बॅटरी जोडायच्या जाड तारा असतील ना तुमच्याकडे? एक द्या." त्याने मालकांकडे बघत बघत तार काढून दिली. मामांनी बॉनेट उघडलं. सासूबाईंनी तारेचं एक टोक माझ्या बॅटरीच्या अर्थिंगच्या बाजूला लावलं आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. "आता मारा."

मामांनी किल्ली फिरवली. मी अर्ध्या फेरीत उठलो. नुसता उठलो नाही, दणकन उठलो. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगातून वीज सरळ गेली आणि सरळ परत आली. हमालांच्या हातातलं गोणपाट खाली पडलं. मामा केबिनमध्ये बसून लहान मुलासारखे रडायला लागले.

"रडू नका, बंद करा," सासूबाई म्हणाल्या. "तार दुसऱ्याची आहे. दुखणं शोधायचंय अजून."

त्यांनी बॉनेटच्या आत वाकून एकेका जोडावरून हात फिरवला, तापलेल्या पोराच्या अंगावरून फिरवावा तसा. इंजिनाच्या पट्टीपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी नखाने खरवडलं. नखात निळा पापुद्रा आला. त्यांनी तो पाहिला, मग मामांकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. दर वर्षी त्यांची मुलगी फोनवर या रंगाबद्दल तासभर बोलायची. पण त्या एवढंच म्हणाल्या, "पाना आणि पॉलिश पेपर आहे का हो?"

पॉलिश पेपर मामांकडे नाही असं कसं होईल. मामांनी बोल्ट सोडला आणि पट्टीकडे बघत राहिले. वर निळा, त्याच्याखाली आणखी निळा. मग ते घासायला लागले. स्वतःच्या हाताने लावलेला रंग ते स्वतःच्या हाताने काढत होते, आणि त्यांचं तोंड कसनुसं झालं होतं. खालून तांबं चमकलं. सांगाड्याची जागा घासली, इंजिनाची घासली, पट्टी बसवली, बोल्ट आवळला. सहा वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. व्हॅनच्या चालकाला त्याची तार परत दिली. मामांनी श्वास रोखून किल्ली फिरवली.

मी पहिल्या हाकेला ओ दिली.

मालक जवळ आले. "काय झालं होतं?"

सासूबाई पटकन म्हणाल्या, "पट्टी जुनी झाली होती. वयोमानाने होतं असं."

तिथे गोष्ट संपली असती, मित्रांनो. मालकांनी मानही हलवली होती. मामांनी फक्त गप्प बसायचं होतं. पण मामा माझ्या केबिनमधून खाली उतरले, हाताला लागलेली निळी भुकटी तशीच ठेवून मालकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पट्टी चांगली होती, साहेब. मी तिच्यावर रंग दिला होता. दोन वर्षं हा माझ्यामुळे आजारी होता. बॅटरी, स्टार्टर, तो उशीर, सगळं माझ्यामुळे. व्हॅन न्यायची असेल तर न्या. पण ट्रकला भंगारात देऊ नका, त्याची काही चूक नाही."

कुणी हसलं नाही. नेहमी हसणारा कारकूनसुद्धा हसला नाही. माझ्यावरून बर्फाचं पाणी ठिबकतच होतं. मालकांनी त्या पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बर्फ पोचवा आधी. बाकीचं नंतर बघू."

आम्ही निघालो. बसस्टँड आलं आणि मागे गेलं. सासूबाईंची बस तिथे उभी होती, पण मामा थांबले नाहीत आणि सासूबाईही थांबा म्हणाल्या नाहीत. बंदरावर बोटी दोर सोडायच्या बेतात होत्या. एकेक लादी खाली गेली. शेवटची लादी उतरल्यावर एका म्हाताऱ्या खलाशाने माझ्या दारावर थाप मारली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघून मान डोलावली.

रिकामा होऊन मी बंदराच्या धक्क्यावर उभा होतो. मामांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले, "आई, तुम्ही पट्टी जुनी झाली असं का सांगितलंत?"

"जावयाचं झाकायची सवय आहे मला," सासूबाई म्हणाल्या. "बावीस वर्षं झाकतेय."

"मग मी खरं सांगितलं, ते चुकलं का?"

सासूबाईंनी पिशवीचे बंद उगीचच सोडले आणि पुन्हा बांधले. "लग्नात मला तुम्ही पसंत नव्हतात," त्या म्हणाल्या. "पोरगी ऐकेना म्हणून दिली. आज वाटलं, बरं झालं, ऐकलं नाही ते."

मामांनी मान खाली घातली. मला वाटतं, ते परत रडले असावेत.

आम्ही परत आलो तेव्हा फाटकाशी व्हॅन नव्हती. मालकांनी ती परत पाठवली होती. त्यांनी मामांना काही सांगितलं नाही, फक्त माझ्या केबिनमधल्या हत्यारांच्या खोक्यातले रंगाचे डबे आणि ब्रश काढून घेतले, स्वतःच्या कपाटात ठेवले आणि कपाटाची किल्ली खिशात टाकली. नंतर त्यातला एक डबा मामी त्यांच्याकडून मागून घेऊन गेल्या, असं मी ऐकलं.

तर मित्रांनो, एवढीच माझी कहाणी. प्रेम कमी पडलं म्हणून मी आजारी नव्हतो. कमी पडलं होतं ते कुणीतरी थांबून, वाकून, हात लावून बघणं. तुमच्या घरातही सकाळी कुणी उठत नसेल, मग तो पंखा असो, सायकल असो की आजोबा, तर त्याला लगेच आळशी ठरवू नका आणि त्याच्या अंगावर नवं काही चढवूही नका. आधी त्याला विचारा, कुठे दुखतंय. त्याला बोलता येत नसेल तर जवळ बसा आणि हात लावून बघा. आणि दुखणं तुमच्याच हातून झालंय असं निघालं, तर चार माणसांत तसं सांगून टाका. माझ्या मामांनी तसं सांगितलं, म्हणून मी आज रस्त्यावर आहे.